आमच्या आधी घर बघून गेलेला

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. मी मुलांना ऑनलाइन फिजिक्स शिकवते. चार जणांत भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून चहा टाकायला जाणारी मी. इथले अनुभव वाचतानाही मनात म्हणायचे, बिचाऱ्यांची झोप झाली नसेल... आता मीच लिहायला बसलेय, तेव्हा माझ्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणा.

माझा नवरा अविनाश रेल्वेत इंजिनिअर. आम्ही दोघंही भुसावळचे, पण लग्नानंतर भुसावळ सुट्टीपुरतंच उरलं. भोपाळ झालं, झाशी झालं आणि गेल्या वर्षी फेब्रुवारीत लखनौला बदली झाली. मुलगी सई नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच देते. अविनाशचं ऑफिस आलमबागला. क्वार्टर लगेच मिळण्यातलं नव्हतं. रेस्ट हाऊसची एक खोली मिळाली होती, तीही होळी झाली की सोडायची होती. सईची शाळा एप्रिलमध्ये सुरू होणार. घर ठरल्याशिवाय शाळा ठरेना, आणि घर काही ठरेना.

कारण अविनाशची अट. ऑफिसला सायकलनेच जाणार! त्याचे वडील चाळिशीतच हार्ट अटॅकने गेले. तेव्हापासून हा माणूस जिथे बदली होईल तिथे सायकल चालवतो. ऊन असो, थंडी असो. त्याचं गणित ठरलेलं — घर ते ऑफिस साधारण अर्धा तास, त्याहून जास्त नको. रस्ता असा हवा की संध्याकाळी दमून परत येतानाही चालवावासा वाटेल. "जाताना माणूस ताजा असतो गं, कुठूनही जातो," तो म्हणायचा. "घर बघायचं ते परत येण्याच्या हिशोबाने."

त्याला नव्या ऑफिसात मान वर करायला फुरसत नव्हती. म्हणून घरं बघायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी माझे क्लास उरकले की सईला घेऊन मी निघायचे. शुक्लाजी नावाचे ब्रोकर पत्ते पाठवायचे, कधी सोबत यायचे, कधी नाही.

पहिलं घर आशियानात. मालक रिटायर्ड गृहस्थ, अंगणात पेपर वाचत बसले होते. मी नाव सांगितलं तसे उठून म्हणाले, "आइए, आइए. साहब तो कल देख ही गए हैं."

मी म्हटलं, "कौन साहब?"

"अरे, आपके साहब. महाराष्ट्र वाले, रेलवे में हैं ना? साइकिल से आए थे."

मला वाटलं, दुसरं कुणी भाडेकरू असेल, यांचा घोळ झाला. घर अंधारं होतं, मी नाही म्हणून निघाले. रेस्ट हाऊसला येईपर्यंत विसरूनही गेले.

दुसरं घर राजाजीपुरमला, वरच्या मजल्यावर. मालकीणबाई चाळिशीच्या, बोलक्या. दार उघडताच म्हणाल्या, "भाभीजी, आप भी देख लीजिए. भाईसाहब को तो ज़ीना खड़ा लगा. बोले साइकिल कैसे चढ़ाएँगे."

या वेळी मी थांबले. विचारलं, कसे होते भाईसाहब?

"लंबे से, चश्मा लगाए. पैंट मोज़े में खोंस रखी थी," त्या हसायला लागल्या. "हरी साइकिल थी. और हर बात पे क्या बोलते थे वो... बरं बरं! बरं बरं! हमने सोचा, ये कौन-सी बोली है."

लखनौत 'बरं बरं' कोण म्हणणार सांगा? पँटचे पाय मोज्यात खोचून हिरव्या सायकलवर फिरणारा, दर वाक्याला 'बरं बरं' करणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे. माझं डोकंच फिरलं. म्हणजे हा ऑफिसच्या वेळेत परस्पर घरं बघतो, नापसंत करतो, आणि मला आणि पोरीला आपलं ई-रिक्षातून फिरायला पाठवतो?

संध्याकाळी तो आल्या आल्या मी तोंड सोडलं. तो बूट काढता काढता माझ्याकडे बघतच राहिला.

"मी? अगं, मी जेवायलासुद्धा बाहेर पडलेलो नाही. इन्स्पेक्शन चालू आहे. विचार कुणालाही."

"मग तो कोण होता? तुझा भाऊ?"

"मेधा, जरा डोकं चालव. मी सायकलने कसा जाईन?"

त्याने व्हरांड्याकडे बोट केलं. सायकल झाशीहून सामानाबरोबर आली होती. गोणपाटात शिवलेली, पुढचं चाक काढून वेगळं बांधलेलं. आल्या दिवशी हमालाने भिंतीला टेकवली होती, तशीच होती. टाके कुणी उसवलेले नव्हते. गोणपाटाच्या फटीतून हिरवा रंग तेवढा दिसत होता.

भांडण होतं तोवर बरं होतं, निदान कारण तरी होतं. आता माझ्या हाती काहीच नव्हतं. शुक्लाजींना फोन लावला, ते म्हणाले, "मैडम, साहब से तो हमारी आज तक मुलाकात नहीं हुई. पते सिर्फ़ आपको भेजे हैं." त्या रात्री सई झोपेत हसली तरी मी दचकले.

नंतर घर बघायला गेले की दार उघडणारा माणूस पहिलं वाक्य काय बोलतो, तिकडेच लक्ष. दोन-तीन ठिकाणी कुणी काही बोललं नाही, पण ती घरं लांब तरी होती नाहीतर फारच कोंदट. मग होळी झाली आणि तेलीबागकडचं एक घर निघालं. गल्ली मुद्दाम सांगत नाही, तिथे लोक राहतात.

काय घर होतं! तळमजला, दोन्हीकडून उजेड, स्वयंपाकघराला मोठी खिडकी, बाहेर कडुनिंब. कोपऱ्यावरच सईसाठी चांगली शाळा. मालकीण मिश्रा आंटी, वय सत्तरीकडे झुकलेलं. नवरा वारलेला, मुलगा परदेशात. त्या वर एकट्या राहायच्या. बोलणं इतकं गोड की मला आईची आठवण झाली. त्यांनी सगळं फिरून दाखवलं, सईच्या हातावर होळीची गुजिया, म्हणजे आपली करंजीच, ठेवली आणि मी विचारायच्या आत म्हणाल्या, "तुम्हारे पति आए थे, बिटिया. परसों शाम को."

मी घाईने विचारलं, "क्या बोले?"

"बड़े भले आदमी हैं. पूरा घर देखा. कहा, बहुत अच्छा है, बिटिया का स्कूल भी पास है. फिर गेट पर जाकर बड़ी देर खड़े रहे. हमने पूछा, क्या बात है, दफ़्तर दूर पड़ेगा? तो बोले..." आंटींनी गेटकडे बघितलं. "बोले, माताजी, जाना तो हो जाएगा. लौटना नहीं होगा."

"और?"

"और कुछ नहीं. हमने सोचा शाम की भीड़ की बात कर रहे हैं. उदास से थे. पानी पूछा, तो पिया भी नहीं."

अविनाशला सांगितलं, तर या वेळी तो चिडला. माझ्यावर नाही, त्या माणसावर. "कुणीतरी हलकट चेष्टा करतंय. या घरासाठी दुसरं गिऱ्हाईक असेल, आपल्याला घाबरवून पळवायचं असेल."

"आणि बरं बरं?"

"ऐकलं असेल कुठेतरी." असं म्हणाला खरं, पण त्याचंच त्याला पटलं नव्हतं. रात्री जेवताना एकदम म्हणाला, "शनिवारी बघूनच टाकू. सकाळी त्या घरापासून ऑफिसला जातो, संध्याकाळी ऑफिसमधून त्या घरी येतो. रस्ता चालवल्याशिवाय घर घेत नसतोच आपण. आणि आलो की आंटींना होकार देऊन टाकू."

मी नको म्हटलं. पण नको का, तर आम्ही कधी न बघितलेल्या माणसाने असं म्हटलं म्हणून? माझं मलाच हसू आलं असतं. खोली सोडायची तारीखही डोक्यावर होती.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं आणि जोडून तयार केलेली सायकल असे एका ई-रिक्षात बसून तेलीबागला गेलो. सई सायकलच्या दांड्याखाली अंग चोरून बसली होती, तिला फार मजा वाटत होती. आंटींनी अविनाशला बघितलं आणि म्हणाल्या, "आओ भैया, आ गए फिर?" तो म्हणाला, "हम पहली बार आए हैं, माताजी." त्या नुसत्या हसल्या. म्हाताऱ्या माणसाची थट्टा करतोय असं त्यांना वाटलं असावं.

त्याने पँट मोज्यात खोचली, हेल्मेट चढवलं आणि निघाला. मी गेटवरून गल्लीच्या टोकापर्यंत बघत राहिले. थोड्या वेळाने मेसेज आला — पोचलो, मस्त रस्ता, अर्ध्या तासाच्या आत. माझा जीव भांड्यात पडला.

दिवस आम्ही तिकडेच काढला. सईची शाळा बघून आलो. आंटींनी आग्रहाने जेवायला घातलं. होळीच्या रंगांनी गेट बरबटलं होतं म्हणून त्यांनी दुपारी रंगारी बोलावला होता, तो काळा ऑइलपेंट मारून गेला. संध्याकाळी पाचच्या सुमारास अविनाशचा फोन आला, "निघतोय गं. चहा टाकायला सांग."

मार्च होता, बाहेर लख्ख ऊन होतं. अंधार, धुकं, काही काही नव्हतं. आंटींनी चहा केला. तो निवला. त्यांनी परत गरम केला. आम्ही बैठकीत बसलो होतो, बेल डोक्यावरच होती. ती वाजली नाही.

माझा फोन वाजला.

"अगं, दार उघड ना! केव्हाचा बेल दाबतोय मी."

मी उठून पळतच बाहेर गेले. गेटवर कुणी नव्हतं. समोर गल्ली मोकळी. पलीकडे भाजीवाला गाडी घेऊन उभा, दोन बायका त्याच्याशी घासाघीस करत होत्या. बस्.

"अविनाश, कुठे आहेस? तू चुकीच्या गल्लीत गेलायस."

"चुकीच्या? आंटींचं गेट आहे, काळं केलंय नवीन. कडुनिंब आहे. तू आत्ता बाहेर आलीस की! चप्पल न घालता आलीयस."

मी खाली बघितलं. माझे पाय अनवाणी होते.

मागून सई आली. "पापा आ गए?"

"सईच्या हातात बिस्कीट आहे," तो फोनवर म्हणाला. अजून त्याच्या आवाजात रागच होता. "झाली चेष्टा, आता उघड. रस्त्यातले लोक बघतायत."

रस्त्यातलं कुणीही बघत नव्हतं. भाजीवाल्याने हाक दिली, "आलू ले लो, मटर ले लो..." ती मला एका कानाने ऐकू आली. मग क्षणभर उशिराने तीच हाक, तोच आवाज, दुसऱ्या कानाला लावलेल्या फोनमधून आला. उशीर नेटवर्कचा, हे मला कळतं. मी असल्याच गोष्टी शिकवते. पण त्याचा अर्थ एवढाच होता की त्याचा फोन याच गल्लीत होता. माझ्यापासून हाताच्या अंतरावर.

मी गेट उघडायला गजाला हात घातला. रंग ओला होता, हाताला चिकटला. कडी काढली, गेट पूर्ण उघडलं, पायरी उतरून रस्त्यावर उभी राहिले. हात पुढे केला. काही लागलं नाही.

आता त्याचा आवाज बदलला.

"मेधा... माझ्याकडे बघ ना."

"मी बघतेय रे. तू दिसत नाहीस."

"तू माझ्या आरपार बघतेयस."

फोनमधून त्याचा नुसता श्वास ऐकू येत होता. आंटी दारात आल्या होत्या. त्यांनी माझा चेहरा बघितला, गल्ली बघितली, आणि पदर तोंडाला लावला. त्यांना काय समजलं कुणास ठाऊक, पण त्या मला हळूच म्हणाल्या, "लौटा दो, बिटिया. जिधर से आए हैं, उधर ही लौटा दो."

मला दुसरं काही सुचतही नव्हतं. मी म्हटलं, "अविनाश, ऐक. सायकल वळव. आलास त्याच रस्त्याने परत ऑफिसला जा. फोन ठेवू नकोस. खिशात ठेव, चालूच राहू दे. आम्ही तिकडे येतो."

"आणि तिथेही तुला दिसलो नाही तर?"

मी फक्त ओरडले, "निघ तू!"

फोनमधून सायकलचं स्टँड वाजल्याचा आवाज आला, मग साखळीचा. मी सईला उचलून मोठ्या रस्त्याकडे धावले, मिळाली ती ऑटो पकडली. सारी वाट फोन कानाला. तिकडून हॉर्न, कुणाची तरी शिवी, त्याची धाप. मध्येच मी म्हणायचे, "आहेस ना?" तो म्हणायचा, "आहे." इतकंच. सई माझ्या कुशीत शिरून विचारत होती, "मम्मी, पापा खो गए हैं क्या?" मी तिला नाही म्हटलं. माझा माझ्यावर विश्वास नव्हता.

आलमबागला गर्दी अशी होती की ऑटो मुंगीच्या पावलाने चाललेली. ऑफिसच्या अलीकडे, मेट्रोच्या खांबाला टेकून तो उभा होता. सायकल, हेल्मेट, घामाने भिजलेला शर्ट. मी ऑटोतून हाक मारली आणि त्याने मान वळवून सरळ माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी कधी विसरणार नाही.

मी भर रस्त्यात त्याचा हात धरला. लग्नाला बारा वर्षं झाली, आम्ही असं कधी केलं नाही. हात धरला तो चिकट लागला. त्याच्या उजव्या तळव्यावर काळा ऑइलपेंट होता, अर्धवट वाळलेला. माझ्याही तळव्यावर तोच. आम्ही दोघांनी आपापले हात बघितले. सईने विचारलं, "आप दोनों ने गेट पकड़ा था?"

अविनाशने नंतर खूप डोकं लढवलं. गल्ली चुकली असेल, तसंच दुसरं गेट असेल, उन्हाने डोळ्यांसमोर काहीतरी आलं असेल. मग माझे अनवाणी पाय? बिस्कीट? दुसऱ्या गल्लीतून ते कसं दिसलं? एकदाच, भांडी घासताना, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू फोन उचलला नसतास, तर मी तिथे बेल दाबत उभाच राहिलो असतो गं. मला दुसरं काही सुचलंच नसतं."

ते घर आम्ही घेतलं नाही. आंटींना फोन केला तेव्हा त्याही रडल्या. मी विचारलं, तो माणूस पुन्हा आला होता का? म्हणाल्या, नाही. पुढे त्यांच्याकडे एअर फोर्समधलं एक कुटुंब राहायला आलं. मी मुद्दाम चौकशी केली, ते मजेत आहेत. तो गृहस्थ रोज मोटारसायकलने जातो, रोज परत येतो. म्हणजे घरात काही नाही. गल्लीतही काही नाही. मग ते काय आमच्यातच होतं?

आणि तो कोण होता? आधी मला त्याची भीती वाटायची, आता तशी वाटत नाही. माझ्या नवऱ्याच्या रूपात कुणीतरी आमच्या आधी घरं बघून गेला. एका घराला ज़ीना खड़ा है म्हणाला आणि एका घरासमोर बराच वेळ उदास उभा राहिला. त्याने आम्हाला वाचवलं, की त्याच्यामुळेच ते झालं? की अविनाशचाच कुठला तरी भाग त्या गेटवर राहिला होता आणि तोच आधी येऊन सांगून गेला? मी फिजिक्स शिकवते, वेळेबद्दल मुलांना रोज काहीबाही सांगते. यातलं काहीही मला फळ्यावर मांडून दाखवता येणार नाही.

आम्ही कृष्णानगरला दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लावावा लागतो, सईची शाळा लांब पडली. ते बघायला गेले तेव्हा मी दारातच मालकांना विचारलं होतं, "मेरे पति पहले आए थे क्या?" ते गोंधळून म्हणाले, "नहीं तो, आप पहली हैं." मी खोल्या न बघताच हो म्हटलं.

अविनाश अजूनही सायकलनेच जातो. मी खूप विनवलं, ऐकत नाही. पण आता घरी येताना तो बेल वाजवत नाही. गल्लीच्या तोंडापासूनच मला मोठ्याने हाक मारत येतो, "मेधाऽऽ!" शेजारच्या भाभी हसतात, म्हणतात, भाईसाहब आज भी नए दूल्हे हैं. मी क्लास चालू असला तरी माइक बंद करते, गॅसवर काही असलं तर तसंच सोडते आणि गॅलरीत जाऊन ओ देते. तो वर बघतो. मी त्याच्याकडे बघतेय हे त्याला दिसलं, की मगच सायकलवरून उतरतो.